मायग्रेशन

दोन नवोदयवाले भेटले की पहिला प्रश्न असतो, कुठलं नवोदय? दुसरा, मायग्रेशनला कुठं होतास? त्यानंतर अर्धा तास कुणी कुणाचं ऐकत नाही. माझी बायको एकदा अशा गप्पांमध्ये तासभर अडकली होती. घरी येताना म्हणाली, "तुम्ही लोक फ्लेमिंगोसारखं बोलता. कुठून आलात, कुठं उतरला होतात, परत कधी गेलात."

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा, साधारणपणे जिल्ह्याला एक. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, तीही आयुष्यात एकदाच. जिल्ह्यातून ८० मुलंमुली निवडली जातात आणि सहावी ते बारावी तिथंच राहतात. जेवण, गणवेश, वह्या-पुस्तकं, गादी, बादली, अंगाचा साबण, बुटाचं पॉलिश, सगळं सरकारकडून. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, एक तृतीयांश मुलींना. आणि नववीत गेल्यावर वर्गातली ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. हिंदी मुलखातली पोरं इकडं येतात, इकडची तिकडं जातात. त्यालाच मायग्रेशन म्हणायचं.

आमच्या गावात हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, सगळी शेती पावसावर. दसरा झाला की ट्रॅक्टर येऊन उभे राहायचे, आणि निम्मं गाव भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या, लेकरंबाळं ट्रॉलीत घालून निघून जायचं. याला आम्ही ‘कारखान्याला जाणं’ म्हणायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असायची, ती फेडायला सहा महिने ऊस तोडायचा. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात माणसं परत. पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर एका संस्थेचा अहवाल हातात आला, तेव्हा कळलं की त्यालाही मायग्रेशनच म्हणतात.

मी पाचवीत होतो ते वर्ष १९९७-९८. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. गुरुजींनी वर्गातून पाच पोरं निवडली आणि शाळा सुटल्यावर जादा तास सुरू केले, फुकट. दिवेलागणीला कंदील लावायचे. माझ्या सतरंजीवर बसणारा जोडीदार त्या पाचांत पहिला होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. मी त्याला विचारलं होतं, तो म्हणाला, "कशाला?"

नवोदयच्या परीक्षेत आकृत्यांचे प्रश्न फार. आता ८० प्रश्नांतले ४० बुद्धिमत्ता चाचणीचे असतात, तेव्हाही सगळा भर त्यावरच होता. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, अर्धवट चित्र पूर्ण करा, आरशात कसं दिसेल. आमच्यापैकी कुणाच्या घरी धड आरसा नव्हता. गुरुजींनी न्हाव्याकडून फुटका तुकडा आणला होता, त्याच्या कडांना चिकटपट्टी लावलेली. पाटीवर आकृती काढायची आणि बाजूला तो तुकडा उभा धरायचा. मला आजही इंग्रजी ‘आर’ अक्षर दिसलं की त्याचं उलटं रूप आधी डोळ्यापुढं येतं, हे त्या तुकड्याचं देणं.

सगळ्यात अवघड प्रकार कागदाच्या घडीचा. चौकोनी कागद दोनदा दुमडलाय, त्यावर एक भोक पाडलंय, उलगडल्यावर कसा दिसेल? गुरुजींनी वर्तमानपत्राचं पान चौकोनी फाडलं, आमच्यासमोर दोन घड्या घातल्या, आणि कात्रीनं कडेला एक अर्धगोल कापला. "किती भोकं पडतील?" दोन घड्या म्हणजे चार पदर, म्हणून आम्ही सगळे एका सुरात "चार" म्हणालो. जोडीदार गप्प होता. मग म्हणाला, "दोन."

"कसं काय?"

"घडीवरच कापलंय गुरुजी. दोन पदरांत मिळून एकच भोक."

गुरुजींनी कागद उलगडला. दोन. त्यांनी त्याच्या पाठीवर असा काही हात मारला की कंदिलाची काच थरथरली. ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल, गणती नाही. कॉलेजात सांगितली, ऑफिसात सांगितली, नवोदयच्या मेळाव्यात तर माईकवरून सांगितली. शेवट ठरलेला असायचा. की तो पोरगा परीक्षेलाच बसला नाही, आणि मी बसलो.

दसऱ्यानंतर त्याच्या घरचे निघाले. गुरुजी त्याच्या बापाला भेटायला गेले, मीही मागे मागे गेलो होतो. बाप बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून पोत्यात भरत होता.

"एवढं फेब्रुवारीपर्यंत ठेवा की त्याला. परीक्षा झाली की पाठवून देतो मी स्वतः."

"कुणाकडं ठेवू गुरुजी? म्हतारीचं तिचंच तिला व्हईना. अन् बारकीला कोपीवर कोण सांभाळंल? आम्ही तर पहाटं फडात."

बारकी म्हणजे त्याची दीड वर्षाची बहीण. गुरुजींकडं यावर उत्तर नव्हतं. त्या काळात हंगामी वसतिगृह वगैरे आमच्याकडं आलेलं नव्हतं. साखरशाळा हा शब्दही आम्ही ऐकला नव्हता. जानेवारीत दोघांचीही प्रवेशपत्रं आली. गुरुजींनी कारखान्याच्या पत्त्यावर, मुकादमाच्या नावानं, एक कार्ड टाकलं. त्याचं पुढं काय झालं कुणास ठाऊक. त्याचं प्रवेशपत्र गुरुजींच्या टेबलाच्या खणात डिंकाच्या बाटलीखाली पडून होतं, एका कोपऱ्याला डिंक लागलेलं.

परीक्षा तालुक्याला झाली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मला फक्त लघवीला लागली होती आणि विचारायचा धीर झाला नाही. गुण किती पडले ते कधीच कळलं नाही, कळवतच नाहीत. यादीत नंबर लागला, एवढंच.

अण्णांनी आठवडी बाजारातून पत्र्याची पेटी आणली. तालुक्याच्या पेंटरनं झाकणावर माझं नाव, गाव आणि खाली ‘नवदय विद्यालय’ असं लिहून दिलं. ‘ओ’चा काना-मात्रा राहिला. सात वर्षं ती पेटी माझ्या पलंगाखाली होती आणि सात वर्षं वरच्या वर्गातली पोरं मला नवदय म्हणत होती.

पहिली रात्र सांगतो, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. लांबलचक डॉर्म, दोन्ही बाजूंनी पलंग. नऊला रोल कॉल, दहाला दिवे बंद. अंधार झाल्यावर एका कोपऱ्यातून हुंदका आला. मग दुसरा. पाच मिनिटांत सगळी सहावी रडत होती. हाऊस मास्तर आले, त्यांनी दिवा लावला. वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "पेट्यांची कुलपं नीट लागलीत का बघा. उघडून, परत लावून बघा." चाळीस पोरं पलंगाखाली शिरली. चाव्या कुणाच्या करदोट्याला, कुणाच्या गळ्यात. खडखडाट झाला. एकाची चावी सापडेना, सगळे ती शोधायला लागले. सापडली तेव्हा जवळजवळ अकरा वाजले होते आणि रडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ते सर पुढं बदलून गेले. मुलांना कसं झोपवायचं हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

पहाटे साडेपाचला शिट्टी, पीटी, आंघोळीला रांग, असेंब्ली, वर्ग, दुपारची झोप (कुणी झोपत नसे), खेळ, पुन्हा रोल कॉल, मग जेवणाआधी-नंतर अभ्यास. चार हाऊस: अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. हीच चार नावं देशभरात, त्यामुळं अनोळखी माणूसही ‘मी निलगिरी’ म्हणाला की काळजात थोडं काहीतरी हलतं, आणि तो शिवालिकचा निघाला तर जुनं कबड्डीचं भांडण आठवतं. मेसमध्ये पहिल्यांदा राजमा वाढला तेव्हा आम्हाला ते शिजवलेले चिंचोके वाटले. अर्ध्या वर्गानं ते ताटाच्या कडेला सारून ठेवले. भाकरी मात्र सात वर्षांत मेसमध्ये पाहिली नाही.

गाऱ्हाणी होतीच. डाळीत डाळ शोधावी लागे, हे प्रत्येक वसतिगृहाचं. पण एक गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचत राहिली. एका बाईंनी मला वर्गासमोर उभं करून ‘नाही’ हा शब्द वीस वेळा म्हणायला लावला होता, कारण मी ‘न्हाई’ म्हणत होतो. वीस वेळा म्हणून झाल्यावर त्यांनी विचारलं, आता जमलं? मी म्हणालो, व्हय. वर्ग हसला. पुढच्या पालकभेटीच्या रविवारी माय आली, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. झाडाखाली बसून ती नेहमीच्या मोठ्या आवाजात गावाकडचं सांगायला लागली, तेव्हा मी तिला म्हणालो, हळू बोल. ती हळू बोलायला लागली. त्यानंतर शाळेत आली की ती हळूच बोलायची. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, हे खरं, पण हे मी बाईंच्या खात्यावर टाकू शकत नाही.

आणि तरीही ती शाळा मला मिळाली नसती तर मी आज हे लिहीत नसतो, हेही तितकंच खरं. तिथल्या अभ्यासाचं लोक कौतुक करतात. सीबीएसईच्या निकालात नवोदय वर असतं, ते असतंच. पण मला विचाराल तर तिथं सगळ्यात मोठी चैन होती ती रात्रीच्या दोन तासांची. ट्यूबलाइट लागलेली आहे, पोट भरलेलं आहे, आणि कुणी हाक मारून ‘म्हशीला पाणी दाव’ म्हणत नाही. घरी मी अभ्यासाला असा सलग दोन तास कधीच बसलो नव्हतो. माझ्यात जी काही हुशारी निघाली तिच्यातला मोठा वाटा वीज, वेळ आणि जेवणाचा आहे असा मला दाट संशय आहे. हे नवोदयच्या मेळाव्यात बोललं की लोक नाराज होतात. आपण ‘निवडलेले’ आहोत हे आम्हाला फार लहानपणी सांगितलं गेलंय, ते अंगातून जात नाही.

निवडण्याची ही कल्पना राजीव गांधींच्या काळातली. १९८५-८६ मध्ये पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, एक हरयाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव, आणि ते निवडून आले होते रामटेकमधून. त्यांना हे नवं नव्हतं. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये त्यांनी सर्वेल या खेड्यात सरकारी निवासी शाळा सुरू केली होती. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदयची कल्पना रीतसर आली. पैसा नाही म्हणून खेड्यातलं हुशार मूल मागं राहू नये, हा हेतू. त्याबरोबर आणखी एक गोष्ट होती जी आता कुणाला आठवत नाही: या शाळांनी आजूबाजूच्या शाळांनाही पुढं ओढायचं होतं. आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून जिल्हा परिषदेची शाळा होती. सात वर्षांत त्यांचा चेंडू आमच्याकडं पुष्कळदा आला. त्यापलीकडं देवाणघेवाण झालेली मला आठवत नाही.

साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. तुलना सरळ नाही, काळ वेगळा, पैसा वेगळा. पण मराठी माणसानं खेड्यातल्या पोराच्या शिक्षणासाठी वसतिगृह हा उपाय नवोदयच्या कितीतरी आधी शोधला होता. त्यात दाराशी चाळणी नव्हती. आता साडेसहाशेच्या वर नवोदय आहेत, त्यांच्यावर होणारा खर्च वाया जातो असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त ऐंशीनंतरचा एक्याऐंशीवा कुठं जातो, हा प्रश्न मला चाळिशी जवळ आल्यावर छळायला लागलाय.

आत गेलेल्यांचंही सगळं ठीक होतं असं नाही. २०१८च्या डिसेंबरात बातमी आली की २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ मुलांनी आत्महत्या केल्या. त्यातली जवळपास निम्मी दलित आणि आदिवासी. आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर त्या दिवशी एरवीसारखे फोटो पडले नाहीत. रात्री उशिरा एकानं फक्त त्या हाऊस मास्तरांचं नाव लिहिलं, पेटीच्या कुलपाचे. दुसरं कुणी काही लिहिलं नाही.

मायग्रेशनची यादी लागली तेव्हा माझं नाव होतं. उत्तर प्रदेश. २००१चा पावसाळा, चोवीस जण, बरोबर एक सर. मनमाडहून गाडी, झाशीमार्गे. आरक्षण होतं, खिडकीच्या जागेवरून मारामाऱ्या होत्या, प्रत्येक स्टेशनवर सर डोकी मोजत होते. तिकडं पोचल्यावर पहिले पंधरा दिवस आम्ही मराठी मुलं एका घोळक्यात फिरत होतो. हिंदी येत होती, पण ती पुस्तकातली. मी मेसमध्ये "कृपया दाल दीजिए" म्हणालो तर वाढणारा माणूस गार पडला. हिवाळ्यात धुकं इतकं की पीटीला पुढच्याची पाठ दिसेना. आणि इकडं आमच्या शाळेत आलेली तिकडची पोरं तोवर "काय रे भावड्या" म्हणायला शिकली होती, हे पत्रातून कळत होतं. ही योजना ज्यानं कुणी सुचवली त्याला मी मनापासून मानतो. चौदाव्या वर्षी हजार किलोमीटरवर वर्षभर राहून आलेल्या मुलाला पुढं कुणी ‘ते लोक तसलेच’ असं सांगितलं तर ते सहज पटत नाही. तमिळनाडूत हिंदीच्या मुद्द्यावर नवोदय विद्यालयं नाहीत. त्यांची भूमिका त्यांच्या जागी, पण तिकडच्या मुलांशी आमची कधी गाठ पडली नाही याचं वाईट वाटतं.

त्या वर्षी दिवाळीत मी गावी येऊ शकलो नाही. आलो ते उन्हाळ्यात, आणि तेव्हा जोडीदार भेटला. सातवीत त्याची शाळा सुटली होती. त्या हंगामात तो सांगलीकडच्या एका कारखान्याला स्वतःच्या नावावर गेला होता, म्हणजे अर्धा कोयता म्हणून. एकटा माणूस अर्धा कोयता. हाताला घट्टे, मानेवर मोळी वाहून पडलेला काळा डाग. मी त्याला गंगेबद्दल सांगत होतो, धुक्याबद्दल, लखनौबद्दल. तो म्हणाला, "तिकडं ऊस कसा असतो?" मी म्हणालो, खूप असतो, रस्त्यानं नुसता ऊसच. "तोडतं कोण?" मला माहीत नव्हतं. वर्षभर त्या उसाच्या मुलखात राहून मी ते बघितलंच नव्हतं.

त्यानंतरची वीस वर्षं मी भरभर सांगतो कारण ती कुणाचीही असू शकतात. इंजिनिअरिंग, पुणे, नोकरी, हप्ते, दोन मुलं. मधल्या काळात नवोदयचा धंदा झाला. तालुक्याच्या गावी बसस्टँडबाहेर पडा, खांबाखांबावर ‘नवोदय-सैनिक स्कूल स्पेशल बॅच’. चौथीतल्या लेकरांना कोचिंगच्या वसतिगृहात ठेवतात. वसतिगृहात जाता यावं म्हणून वसतिगृहात! कागदाच्या घडीचे दोनशे नमुने पाठ करून घेतात. शिवाय ग्रामीण कोट्यासाठी शहरातल्या मुलाचं नाव खेड्यातल्या शाळेच्या पटावर लावायचं, हाही प्रकार चालतो. हे मी नाक वर करून लिहितोय असं समजू नका. माझा थोरला तिसरीत होता तेव्हा मीही गावच्या शाळेत फोन केला होता. नुसती चौकशी, असं स्वतःला सांगून. बायकोनं बोलणं ऐकलं. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "तो कुणाच्या जागेवर बसणार?" मी म्हणालो, परीक्षा देऊनच बसणार ना. ती पुढं काही बोलली नाही. फोन मीही पुन्हा केला नाही.

यंदा जानेवारीत जोडीदाराचा फोन आला. त्याची धाकटी लेक पाचवीत, नवोदयला बसतेय, केंद्र तालुक्याला आहे, येतोस का? आता तो कोयता धरत नाही. हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर आहे, ऊस वाहतो. हंगाम ऐन भरात होता, तरी ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हवाली करून, रात्रभराचा प्रवास करून तो दोन दिवसांसाठी आला होता. लेक आजीकडं गावातच ठेवलेली.

पोरगी आत गेली. फाटकाबाहेर आईबापांची जत्रा. कुणी डबे घेऊन, कुणी अंगारा घेऊन. साडेअकराला पेपर सुरू झाला. आम्ही रस्त्यापलीकडं वडापावच्या गाड्याजवळ पारावर बसलो. मी न राहवून विषय काढला. म्हणालो, आपल्या वेळचा पेपर फेब्रुवारीत होता. त्या दिवशी तू काय करत होतास, आठवतं?

"काय म्हाईत बाबा. बारकीला घेऊन बसलो असंल, नाहीतर वाढं बांधत."

"गुरुजींनी कार्ड टाकलं होतं."

"आलं न्हाई. आलं असतं तरी काय, बैल सोडून बाप सोडायला येणार व्हता का?" वडा संपवून त्यानं कागदाला हात पुसले. "तू ते लई मनाला लावून घेतलंस. मागं गावात भाषणात बी सांगितलं म्हणं माझं. घडीचं."

"सांगितलं. तू एकट्यानं दोन म्हणालास. आम्ही सगळे चार."

तो हसला. मग थोडा वेळ फाटकाकडं बघत राहिला.

"ते मी न्हाई म्हणलं रे. खिडकीतून आलं."

"काय?"

"खिडकीत एक पोरगी उभी असायची न्हाई का, भाऊ कडंवर घेऊन. आपल्याच वर्गातली. जादा तासाला गुरुजींनी पोरी बसवल्याच न्हाईत, मग ती भाईर उभी राहून ऐकायची. मी खिडकीच्या बाजूला बसायचो. ती म्हणली, दोन. घडीवरच कापलंय म्हणली. मी नुसतं मोठ्यानं बोललो."

मला खिडकी आठवली. तिच्यात पोरं गर्दी करायची आणि गुरुजी डस्टर उगारून त्यांना हुसकायचे, हेही आठवलं. कडेवर भाऊ घेतलेली कुणी आठवेना. मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. नावही ओळखीचं वाटेना. आम्ही एकोणतीस जण पाच वर्षं एका खोलीत बसत होतो.

"कुठं असते आता?"

"दिली तिला आठवीत. गेवराईकडं कुठंतरी." त्यानं वडापावचा कागद पसरला, तेलकट भाग वगळून चौकोनी फाडला, एक घडी घातली, दुसरी घातली, आणि नखानं घडीचा कोपरा कुरतडायला लागला. "गुरुजींनी पाठीवर मारलं तवा मी मागं बघितलं व्हतं. ती हसत व्हती."

दीड वाजता घंटा झाली. फाटक उघडायच्या आतच लोक आत घुसायला लागले. त्याची लेक सगळ्यात शेवटी आली, पेन तोंडात, प्रवेशपत्राची सुरनळी केलेली. बापानं विचारलं कसा गेला, तर म्हणाली, तहान लागलीय. मी बाटली दिली. पाणी पिता पिता तिचं लक्ष बापाच्या हातातल्या कागदाकडं गेलं.

"हे काय, दादा?"

त्यानं कागद तसाच, घडी न मोडता, तिच्या हातात दिला.